बुरशीला पाणी कोण घालतंय?

पत्राचा सारांश: दक्षिण कोकणातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाह लिहितात, आमच्या जुन्या जांभ्याच्या कौलारू इमारतीत तळमजल्यावर, मागच्या दालनात छोटं संग्रहालय आहे. गावातल्या घराण्यांनी दिलेल्या पोथ्या, मोडी कागद, चित्रकथीच्या म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या लोककलेतल्या चित्रांचा एक संच, दशावतारातला गणपतीचा लाकडी मुखवटा, जुने फोटो आणि दोन शालू असा तो ठेवा. गेल्या पावसाळ्यात पोथ्यांवर पांढरे ठिपके दिसले. यंदा श्रावणात फोटोंच्या अल्बमवर आणि चित्रांच्या कडांवर हिरवट-काळी बुरशी आली. आमचे शिपाईकाका ओल्या फडक्यानं पुसतात, पण आठवड्याभरात ती परत येते. काकांना दमा आहे आणि तोही वाढलाय. समितीत तीन मतं पडली आहेत. एक ज्येष्ठ सभासद दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दोन एसी द्यायला तयार आहेत. दुसरे म्हणतात, पेस्ट कंट्रोलवाल्यांना वर्षाचं कंत्राट देऊन औषध मारून घ्या. तिसऱ्यांना वाटतं, सगळं पुण्या-मुंबईच्या मोठ्या संग्रहालयाला देऊन मोकळं व्हावं. त्यातच एका घराण्यानं आपल्या पोथ्या परत मागितल्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं आमच्या हातून नासतंय, या विचारानं झोप लागत नाही. आम्ही काय करावं?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य समितीतल्या तिन्ही मतांपेक्षा महत्त्वाचं आहे: पुसली तरी आठवड्यात परत येते. ती परत का येते, एवढं कळलं की एसी, औषध आणि पुणे-मुंबई या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरीचशी आपोआप मिळतात. म्हणून सुरुवात तिथून करते.

बुरशी बाहेरून आली आणि तुमच्या संग्रहाला लागली, असं तुम्ही सगळे धरून चालला आहात. पुसणं काय, औषध मारणं काय, दोन्ही उपाय याच समजुतीतून आलेत. पण तिचे बीजाणू कुठून यावे लागत नाहीत, ते हवेत सगळीकडे असतातच. अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम या नावांच्या बुरशा जगातल्या बहुतेक संग्रहालयांच्या धुळीत सापडतात. काचा लावून, यंत्रं बसवून राखलेल्या दालनांतही त्या असतात, फक्त तिथे त्या वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. त्यांना खायला काय हवं, ते संग्रहालयात भरपूर असतं: कागद, खळ, सरस, चामडं, फोटोवरचा जिलेटिनचा थर, साधी धूळसुद्धा. कमी असतं ते पाणी. हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जास्तीत जास्त जेवढं पाणी धरू शकते त्याच्या किती टक्के पाणी तिच्यात आहे तो आकडा, ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बहुतेक बुरशा वाढत नाहीत. ७० ओलांडली की संथपणे वाढू लागतात, आणि ८०-८५ टक्के सलग टिकली तर काही दिवसांत डोळ्यांना दिसतात. कोकणात आषाढ-श्रावणात बाहेरची हवा दिवसेंदिवस ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. त्यात काका ओलं फडकं फिरवतात. म्हणजे बीजाणू पसरवले जातात आणि वर त्यांना पाणीही मिळतं. यात काकांची काही चूक नाही. स्वच्छता म्हणजे ओलं पुसणं, असंच आपल्या सगळ्यांना शिकवलेलं असतं. पण ते पुसणं आजच थांबवा, आणि काकांना त्या दालनाच्या कामातून आजच मोकळं करा. दम्याच्या माणसानं बुरशीच्या वस्तूजवळ श्वास घेणं धोक्याचं आहे. ही गोष्ट समितीच्या पुढच्या सभेपर्यंत थांबू शकत नाही.

आता पहिली खरेदी. ती एसीची नको, हायग्रोमीटरची करा. आर्द्रता आणि तापमान दाखवणारा छोटा डिजिटल मापक काहीशे रुपयांत मिळतो. असे तीन-चार घ्या: एक दालनाच्या मध्यभागी, एक पश्चिमेच्या भिंतीजवळच्या कपाटात, एक माडीवर, एक बाहेर पडवीत. स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी चुकतात, म्हणून आधी त्यांची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घाला, मीठ विरघळून न जाता ओलसर लगदा झाला पाहिजे. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. आपल्याकडच्या तापमानाला त्या पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन स्थिरावते. मापक ७१ दाखवत असेल तर तो चार टक्के कमी दाखवतो, तसं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. मग एका वहीत रोज सकाळ-संध्याकाळ आकडे उतरवा. वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला नेमानं येणारे कुणी निवृत्त गृहस्थ असतील, तर त्यांना हे काम सांगून पाहा. महिन्याभराची अशी वही हातात असली की समितीतला वाद मतांचा राहत नाही. इतकंच नाही, उद्या कुठल्याही तज्ज्ञाला बोलावलंत तर तो पहिल्यांदा हेच आकडे विचारेल.

आकडे घेत असतानाच इमारतीभोवती एक फेरी मारा, आणि ती भर पावसात मारा. जांभा सच्छिद्र दगड आहे, तो पाणी पितो. पागोळ्यांचं पाणी जोत्याला लागून साचतंय का? पन्हळीत पानं अडकून ती भिंतीवर ओसंडते का? एखादं कौल सरकलंय का? आतून भिंतीच्या खालच्या हात-दोन हात भागात ओल आणि लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार, दिसतोय का? जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर कुणी अलीकडे सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट चढवलाय का? चढवला असेल तर भिंतीतलं पाणी बाहेर पडायची वाट बंद झालेली असते आणि ते दालनात शिरतं. तुमचं दालन मागच्या बाजूला, तळमजल्यावर आहे, म्हणून माझा पहिला संशय याच पाण्यावर आहे. जोत्यालगत पाणी वाहून जाणारा उतार, साफ पन्हळ, मिरगाआधी नीट केलेली शाकारणी आणि पश्चिमेच्या अंगाला झापांचा किंवा पत्र्याचा आडोसा, ही कामं कुणाच्या स्मरणार्थ पाटी लावण्याजोगी दिसत नाहीत. पण बुरशीला पाणी घालणारा हात बहुतेक वेळा इथेच सापडतो. ही दुरुस्ती न करता आत कितीही महागडं यंत्र बसवलंत, तरी ते जन्मभर गळकी भिंत उपसत बसेल.

आणि आत्ता लगेच, एक पैसा न खर्चता: कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. बाहेरच्या भिंतीवर टांगलेली चित्रं उतरवून आतल्या भिंतीकडे न्या. जमिनीवर ठेवलेलं सगळं फळ्यांवर चढवा. कोपऱ्यांत हवा साचून राहते आणि बुरशी पहिल्यांदा तिथेच उगवते. छताचा पंखा मंद गतीवर दिवसरात्र फिरता ठेवा, फक्त त्याचा झोत थेट बुरशी आलेल्या वस्तूंवर नको. खिडक्या उघडाव्यात की बंद ठेवाव्यात, याचं उत्तर पडवीतला मापक देईल. बाहेर उघाड पडून तिथला आकडा आतल्यापेक्षा खाली गेला असेल तेव्हा उघडा. पाऊस लागला, संध्याकाळ झाली की बंद करा. ‘हवा खेळती हवी’ म्हणून जुलैच्या रात्री खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, तर आत खेळतो तो दमटपणाच.

एसीबद्दल सविस्तर लिहिते, कारण हा निर्णय पैशांनी मोठा आहे आणि त्यात एका माणसाची भावना गुंतलेली आहे. संग्रहालय म्हणजे थंड दालन, हे चित्र आपल्या मनात पक्कं बसलंय. पण हवा थंड झाली की तिची पाणी धरून ठेवायची ताकद घटते. गार पाण्याचा तांब्या पावसाळ्यात बाहेरून ओला होतो तो यामुळेच. हिशेब करून पाहा. ३० अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा तिच्यातलं पाणी न काढता २४ अंशांपर्यंत गार केली, तर तिची आर्द्रता जवळजवळ १०० टक्क्यांवर जाते. एसी चालू असताना थोडं पाणी काढून बाहेर टाकतो हे खरं, पण खोली हव्या तितकी गार झाली की त्याचा जोर कमी होतो आणि पाणी काढणंही मंदावतं. त्याहून वाईट म्हणजे तो संध्याकाळी बंद होतो. तुमचं वाचनालय रात्रभर एसी चालवू शकणार नाही, आणि चालवायचा म्हटलं तरी पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको. एसी बंद झाला की रात्री बाहेरची उबदार, ओली हवा फटींतून आत येते आणि गार पडलेल्या भिंतींना, काचांना, फोटोंना भिडते. बुरशीला यापेक्षा सोयीची व्यवस्था आपण मुद्दाम ठरवूनही करू शकणार नाही. शिवाय रोजच्या या गार-गरम, कोरड्या-ओल्या खेळात मुखवट्याचं लाकूड फुगतं, आक्रसतं, आणि त्याचा रंग पोपडे धरून सुटतो. मोठ्या संग्रहालयांतली वातानुकूलन यंत्रणा चोवीस तास चालते आणि आर्द्रतेवर वेगळं नियंत्रण ठेवते. दुकानातून आणलेला स्प्लिट एसी ते काम करत नाही.

उलट दिशेचं गणितही पाहा. २७ अंशांची ८० टक्के दमट हवा तीन अंशांनी गरम होऊन ३० अंशांवर गेली, तर तीच ६७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे किंचित उबदार दालन थंड दालनापेक्षा बुरशीच्या बाबतीत सुरक्षित. उष्णतेनं कागद लवकर पिवळा पडतो, हा तोटा आहे आणि तो मी लपवत नाही. पण ते नुकसान दशकांचं आहे आणि बुरशीचं आठवड्याचं. दमट प्रदेशांत काम करताना अमेरिकेतल्या गेटी संवर्धन संस्थेनं हाच क्रम धरला: रिओ दि जानेरोमध्ये ब्राझीलचे मुत्सद्दी रुई बार्बोसा यांच्या घर-संग्रहालयातल्या ग्रंथालयासाठी त्यांनी नेहमीच्या वातानुकूलनाऐवजी खेळवलेली हवा आणि दमटपणावरचं नियंत्रण यांवर भर दिला. ‘संग्रहालयात ५० टक्केच आर्द्रता हवी’ असं कुणी तुम्हाला ऐकवलं असेल, तर तो आकडा थंड देशांतल्या, हिवाळ्यात तापवलेल्या इमारतींतून आलाय. शंभर-दीडशे वर्षं कोकणच्या हवेत राहिलेल्या लाकडाला आणि कागदाला एकदम तिथे खेचून नेलंत तर ते तडकेल, वाकेल. तुमचं उद्दिष्ट साधं ठेवा: आकडा ६५ च्या आत, आणि ७० च्या वर एक दिवसही नको.

मग यंत्र कोणतं? एक डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून टाकीत साठवणारं यंत्र. पण तो संबंध दालनासाठी घेऊ नका. माडीवर, आतल्या बाजूची, बाहेरच्या भिंती कमी असलेली एक छोटी खोली भांडार म्हणून निवडा. दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा, दाराला खाली रबरी पट्टी लावा, जमल्यास कौलांखाली छत घालून घ्या. नाजूक वस्तू तिथे न्या आणि यंत्र ६० वर लावा. टाकी भरली की ते बंद पडतं, म्हणून त्याला नळी जोडून पाणी थेट बाहेर काढा. नाहीतर गणपतीच्या सुट्टीत नेमकं तेच होईल. वस्तू ओल्याच्या कोरड्या एका दिवसात करू नका, आकडा काही आठवड्यांत हळूहळू खाली आणा. खालच्या दालनात मग लोकांना पाहायला मुखवटा, काचेआडच्या फोटोंच्या प्रती, चित्रांच्या छापील प्रतिकृती ठेवा. गावकऱ्यांना अस्सल वस्तू हिवाळ्यात दाखवता येतील, तेव्हा आपली हवाच साथ देते.

वीज गेली तर? त्यासाठी पेटीत पेटी ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. लेखकू पोथीच्या शेवटी ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्’ असं लिहून ठेवत: तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला जपा. सैल बांधणी पाण्याच्या पंक्तीला बसवली आहे ती अनुभवातून. दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळून, वर बासन म्हणजे पोथीचं कापड गुंडाळून ठेवलेल्या पोथीत दमट हवा सहज शिरत नाही, आणि भरल्या कपाटातला कागद आपल्या आसपासची आर्द्रता बराच वेळ धरून ठेवतो. बासनासाठी बिनारंगाचं मांजरपाट घ्या आणि खळ जाईपर्यंत धुऊन, पूर्ण वाळवून वापरा. लाल कापड ओलं झालं की रंग सोडतं. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कपाटात टाकून काही होत नाही, त्यांना घट्ट झाकणाची पेटी लागते आणि ओल शोषून झाली की तापवून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात. फोटोंसाठी ही सोय चांगली. एक धोका मात्र सांगून ठेवते. दमट वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बंद करणं हा बुरशी वाढवायचा हमखास मार्ग आहे. पेटीबंद करायचं ते कोरड्या हवेत, पौष-माघात.

औषधाच्या मुद्द्यावर मी ठाम आहे: कंत्राट देऊ नका. पेस्ट कंट्रोलची नेहमीची फवारणी कीटकांसाठी असते. वाळवीसाठी इमारतीच्या पायाशी, बाहेर, तिचा उपयोग आहे. संग्रहाच्या दालनात नाही. डांबरगोळ्याही कसरीसाठी, आणि त्यांचा वास तिथे बसणाऱ्या माणसाच्या छातीत जातो. आपल्याकडच्या दप्तरखान्यांत पूर्वी ओव्याच्या फुलाची, म्हणजे थायमॉलची धुरी देत. बंद पेटीत विजेच्या दिव्यावर ते तापवून कागद त्या वाफेत ठेवत. पण त्या वाफेनं तैलरंग आणि व्हार्निश मऊ पडतात, माणसालाही ती बाधते, आणि कागद पेटीतून बाहेर काढून पुन्हा दमट कपाटात ठेवला की काही आठवड्यांत नवी बुरशी. कुठलीही धुरी उद्यासाठी संरक्षण ठेवून जात नाही. कडुनिंबाचा पाला आणि वेखंड यांबद्दलही विचारणा होते. किडीला दूर ठेवायला वेखंडाची पुरचुंडी बासनाबाहेर ठेवायला हरकत नाही, पण पावसाळ्यात ओलावलेला कडुनिंबाचा पाला स्वतःच बुरशीचं खाद्य होतो.

आता जी बुरशी आलेली आहे तिचं काय? पाऊस सुरू असेपर्यंत ती झटकू नका, घासू नका. ओली बुरशी चिकट असते, पुसली की ती कागदाच्या धाग्यांत आत घुसते. बाधित वस्तू वेगळ्या काढा, स्वच्छ कागदात सैलसर गुंडाळून त्यातल्या त्यात कोरड्या खोलीत ठेवा आणि प्रत्येकीचा फोटो काढून तारीख लिहा. हवा कोरडी झाली की बुरशी सुकते, पावडरीसारखी होते. साफसफाई तेव्हा करायची, आणि निरोगी छातीच्या माणसानं करायची: एन-९५ मास्क, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, काम झाल्यावर कपडे लगेच धुवायला. पडवीत, वारा पाठीवर घेऊन, रुंद मऊ ब्रशनं एकाच दिशेनं हलक्या हातानं. हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा फिल्टर असलेला व्हॅक्यूम क्लीनर मिळाला तर त्याच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून, ब्रशनं बुरशी त्याच्याकडे लोटा. साध्या व्हॅक्यूमनं बीजाणू मागून खोलीभर उडतात, तो वापरू नका. रिकाम्या लोखंडी कपाटाला ७० टक्के अल्कोहोलनं पुसून घ्यायला हरकत नाही, आसपास ज्योत नसावी आणि खिडक्या उघड्या असाव्यात. शाई, रंग, फोटो, पॉलिश केलेलं लाकूड यांना मात्र अल्कोहोल लावू नका. ब्रशनं साफ केल्यावर काळे-तपकिरी डाग उरतील. ते बुरशीनं सोडलेल्या रंगाचे असतात, घरगुती उपायांनी जात नाहीत, आणि काढण्याच्या नादात कागद फाटतो. डाग असू द्या.

पांढरं दिसलं ते सगळं बुरशीच असतं असंही नाही. भिंतीवरचा लोणा क्षारांचा असतो, तो पाण्याच्या थेंबात विरघळतो. जुन्या चामड्यावर कधीकधी आतली चरबी वर येऊन पांढरा थर धरते. भिंगातून पाहा: बुरशीला बारीक तंतू असतात.

उन्हात घालण्याचा मोह सगळ्यांना होतो, तुमच्याकडेही कुणी सुचवेलच. थेट उन्हात शाई उडते, पोथीची पानं वाकतात, शालूंचे रंग फिके पडतात, जुनं रेशीम कुसकरतं. वाळवायचं ते सावलीत, वाऱ्यावर. यासाठी जैन ग्रंथभांडारांची रीत मला फार शहाणी वाटते. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, पोथ्या बाहेर काढून झाडतात, तपासतात, पुन्हा बांधतात. पाऊस सरलेला, हवा कोरडी होत आलेली, आणि पावसाळ्यातली इजा अजून ताजी, म्हणजे सापडण्याजोगी. तुमच्या वाचनालयानं दिवाळीनंतरचा तो आठवडा दरवर्षी ठरवून टाकावा. त्या वेळी प्रत्येक पान आणि प्रत्येक मोडी कागद कॅमेऱ्यात उतरवून घ्या, म्हणजे अभ्यासकांना पुन्हा पुन्हा मूळ प्रत हाताळावी लागणार नाही.

चित्रकथीचा संच मात्र या सगळ्यातून वगळा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या परंपरेतली ही चित्रं बहुधा पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. म्हणजे दोन कागदांच्या मध्ये चिकटवणीचा थर, बुरशीचं आवडतं खाद्य, आणि वर पाण्यात विरघळणारे रंग. याला घरचा ब्रशही लावू नका. कोरड्या जागी सपाट ठेवा आणि कागदावर काम करणाऱ्या संवर्धकाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, लखनौला १९७६ पासून केंद्र सरकारची सांस्कृतिक संपदा संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची संवर्धन केंद्रं आहेत. पत्र लिहिताना वस्तूचे समोरून-मागून फोटो, मापं आणि तुमच्या वहीतले आकडे जोडा. त्यावरून तिथला माणूस कामाचा अंदाज बांधू शकतो.

एक तयारी पुराचीही करून ठेवा. २०२१ च्या जुलैत चिपळूणला काय झालं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. १९६६ साली इटलीत आर्नो नदीच्या पुरात फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं आणि कागदपत्रं चिखलात गेली होती. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि तेवढ्या वेळात शेकडो पुस्तकं वाळवणं कुणालाच शक्य नसतं. अशा वेळी भिजलेली पुस्तकं आणि कागद वेगवेगळे गुंडाळून गोठवले तर बुरशी थांबते आणि महिनोन्‌महिने अवधी मिळतो. कोकणात मासळी आणि आंबा गोठवणारी शीतगृहं आहेत. तुमच्या जवळच्या बंदरावरच्या एखाद्या मालकाशी आजच बोलून ठेवा: वेळ आली तर एक स्वच्छ कोपरा, उणे १८ अंश किंवा त्याहून खाली, देता येईल का? फोटोंच्या काचेच्या निगेटिव्ह, रंगवलेलं लाकूड आणि तैलचित्रं मात्र गोठवायची नाहीत.

पुण्या-मुंबईला सगळं देऊन टाकण्याविषयी थोडक्यात. मुंबईची हवाही समुद्राचीच आहे. मोठ्या संस्थांकडे जागा आणि माणसं आधीच अपुरी असतात, आणि तुमचा संच तिथे बहुधा भांडारातल्या एका पेटीत जाईल. तुमच्याकडे रोज दार उघडणारी, कुबट वास लगेच ओळखणारी माणसं आहेत, आणि बुरशीच्या बाबतीत हे मोठं बळ आहे. दुरुस्तीसाठी एखादी वस्तू पाठवणं वेगळं, ते पावती घेऊन जरूर करा. वर्षभर नोंदी ठेवून, पाणी अडवून, भांडार हलवूनही आकडा ७० च्या खाली आलाच नाही, तर पोथ्या आणि मोडी कागद पुण्याच्या कोरड्या हवेत ठेवीच्या करारावर पाठवण्याचा विचार पुन्हा करा. तो निर्णय तेव्हा आकड्यांवर होईल. आज तो तुम्ही अपराधी वाटतंय म्हणून घ्याल.

एसी देऊ करणाऱ्या सभासदांना ‘नको’ असं पत्र पाठवू नका. त्यांना दालनात बोलवा, वही दाखवा, बुरशी दाखवा, आणि वर लिहिलेला तांब्याचा हिशेब समजावून सांगा. मग विचारा: माडीवरची ती खोली तुमच्या पत्नीच्या नावानं करायची का? फटी बुजवलेली, छत घातलेली, यंत्र बसवलेली, तुमच्या गावचे कागद ठेवण्याची खोली. एसीवरची पाटी पाच-सात वर्षांत यंत्राबरोबर भंगारात जाईल, खोली तशीच राहील. मला वाटतं, ते ऐकतील. त्यांना यंत्र द्यायचं नाही आहे, कुणाची तरी आठवण जपायची आहे.

पोथ्या परत मागणाऱ्या घराण्याला याच आठवड्यात लिहा. काय झालंय ते लपवू नका, फोटो पाठवा. त्यांचा राग रास्त आहे आणि दानपत्रात परत देण्याची मुभा असेल तर पोथ्या त्यांच्याच आहेत. फक्त एवढी विनंती करा की पाऊस संपेपर्यंत त्या हलवू नयेत. ओलसर पोथी भर पावसात पिशवीत घालून दुसऱ्या घरी गेली, तर बुरशी वाटेतच दुप्पट होईल आणि तिथल्या कपाटातल्या बाकीच्या पोथ्यांवरही पसरेल. दिवाळीनंतर त्यांनी यावं, त्यांच्यासमोर पानं साफ व्हावीत, फोटो काढले जावेत. मग न्यायच्या असतील तर मांजरपाटात घट्ट बांधून, मापक आणि वरच्या सूचनांची एक प्रत सोबत देऊन त्यांच्या हवाली करा.